एकच मॅच हवी होती

ऑफिसला जाताना हायवेच्या वळणावर एका कार डीलरचं होर्डिंग लागतं. गेल्या वर्षी ऑगस्टपासून त्यावर आमच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक उभा होता. हातात गाडीची किल्ली, ओठांवर हसू, कपाळावर केसांचा कोंबडा. सप्टेंबरमध्ये मला तो पोरगा बरा वाटायचा. ऑक्टोबरमध्ये मी मान वळवून पुढे जायला लागले. नोव्हेंबरमध्ये मात्र रोज सकाळी बंद काचेआडून त्याला चार शब्द सुनावत होते, तेही अस्सल नागपुरी. त्याचं काही बिघडत नव्हतं. तो हसतच होता. मी मात्र पहिली मीटिंग संपेपर्यंत धुसफुसत राहायचे.

आमची युनिव्हर्सिटी असं मी म्हणते खरी, पण तिथे मी शिकले नाही की माझा नवरा शिकला नाही. आम्ही दोघं कामाच्या व्हिसावर या देशात आलो, या गावात स्थिरावलो, आणि इथलं फुटबॉल म्हणजे शनिवारी रस्ते अडवणारी एक कटकट, यापलीकडे आम्हाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मग लेक त्या युनिव्हर्सिटीत गेली आणि पहिल्याच आठवड्यात मार्चिंग बँडमध्ये भरती झाली. तिथून माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

ती सूझाफोन वाजवते. हे वाद्य हातात धरायचं नसतं, त्याच्या आत शिरायचं असतं. पितळी नळी अंगाभोवती वेढा घालून खांद्यावर टेकते आणि डोक्यावर परातीएवढं तोंड उघडतं. लेक माझ्याच उंचीची, म्हणजे बुटकीच. बँड मैदानात आला की मला माझी मुलगी दिसायची नाही. एक सूझाफोन आपला आपण चालत येताना दिसायचा आणि त्याखाली दोन पांढरे बूट. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी मला विचारलंही होतं, "व्हायोलिन नव्हतं का गं त्यांच्याकडे?" पहिल्या वर्षी तिच्या डाव्या खांद्यावर जो काळानिळा डाग पडला, तो चार वर्षं तसाच राहिला. मी बाम लावायला गेले की म्हणायची, "आई, इट्स फाइन, सगळ्यांना असतो."

बँडच्या मुलांच्या पालकांना स्टेडियमच्या एका कोपऱ्यात, बँडच्या अगदी वर जागा मिळते. तिथे माझ्या शेजारी ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या एका मुलाचा बाप बसायचा. अग्निशमन दलातून रिटायर झालेला, दाढीवाला, अवाढव्य माणूस. खेळ मला त्यानेच शिकवला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर बॉल समोरच्याच्या ताब्यात. पहिले तीन प्रयत्न फसले की बहुतेक टीम चौथा प्रयत्न करतच नाहीत. बॉल लाथेने लांब मारून समोरच्याला देऊन टाकतात, म्हणजे तो निदान आपल्या टोकापासून लांब तरी जातो. याला पंट म्हणतात. आणि प्रत्येक प्रयत्नात बॉल आधी ज्याच्या हातात येतो, तो कुणाला द्यायचा किंवा कुणाकडे फेकायचा हे जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. म्हणजे आमचा होर्डिंगवाला.

आता आमचं दुखणं सांगते. वर्षभरात ज्या टीम सहा मॅच जिंकतात, त्यांना डिसेंबरच्या शेवटी कुठल्यातरी उबदार गावात आणखी एक मॅच खेळायचं बोलावणं येतं. त्याला बोल गेम म्हणतात. टीमबरोबर बँडही जातो. हॉटेल, समुद्रकिनारा, गावातून मिरवणूक, देशभर टीव्हीवर दिसणं. बँडमधली मुलं उन्हातान्हात, बर्फात चार वर्षं घासतात ती या एका सहलीच्या आशेवर. लेक तिथे गेल्यापासून आमची टीम एकदाही सहावर पोचली नव्हती. पहिल्या वर्षी चार, मग पाच, मग पुन्हा पाच. हे तिचं शेवटचं वर्ष. गेली तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

त्यात नाशिकचं लग्न निघालं. माझ्या थोरल्या दिरांची एकुलती एक मुलगी. आम्हाला अमेरिकेतून यायला सोयीचं पडावं म्हणून दिरांनी गुरुजींकडून डिसेंबरअखेरचा काढीव मुहूर्त मिळवला होता. नवरीला सख्खी बहीण नाही, तेव्हा करवली कोण, हा प्रश्नच नव्हता. हातात दिवा घेऊन नवरीच्या मागे उभी राहणार ती आमचीच लेक. दोघी चुलत बहिणींचं मेतकूटही चांगलं होतं. लेकीने तिला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, की बोल गेम मिळाली तर मी येणार नाही, न मिळाली तर नक्की येईन. नवरीने ते हसत मान्य केलं होतं. मान्य नव्हतं ते माझ्या नवऱ्याला.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी त्याने लॅपटॉप उघडला आणि तिकिटं काढायला बसला. मी म्हटलं, "दोघांची काढ. तिचं नोव्हेंबरमध्ये बघू."

"नोव्हेंबरमध्ये सीट मिळत नाहीत. आणि मी दादाला शब्द दिलाय."

लेक सीरियल खात होती. म्हणाली, "बाबा, वी मे गो टु अ बोल धिस इयर. एव्हरीबडी सेज सो."

"अगं, ही टीम काही सहा मॅच जिंकत नाही. मी काय आज बघतोय का यांना?"

"बट इफ वी डू, मी प्लेनमध्ये नसणार. ओके?"

"बरं, बघू," तो म्हणाला आणि तिचं तिकीट काढून मोकळा झाला. आपल्याकडच्या बापाच्या तोंडच्या 'बघू'चा अर्थ लेकरांना कळायला वेळ लागत नाही, मग ती जन्मली कुठेही असोत. ती वाडगा सिंकमध्ये ठेवून वर निघून गेली. मी नवऱ्याला म्हटलं, की तू घाई केलीस. तो म्हणाला, "प्रॅक्टिकल व्हायला कुणीतरी लागतं ना घरात." माणूस वाईट नाही हो. दर शनिवारी तिच्या तुरेवाल्या टोपीचा डबा पार्किंगपासून स्टेडियमच्या दारापर्यंत तोच उचलून न्यायचा. चार वर्षांत घरची एक मॅच चुकवली नाही त्याने. म्हणूनच त्याला काय म्हणावं ते मला तेव्हा सुचलं नाही.

आणि बघा, सीझन सुरू झाला तो असा दणक्यात की विचारू नका. पहिल्या सहांतल्या पाच मॅच आम्ही जिंकलो. ट्रॉम्बोनच्या बापाने मला मिठी मारून जमिनीवरून उचललं. लेक फोनवर गाणी म्हणायला लागली. आता फक्त एक मॅच हवी होती, आणि हातात अजून सहा होत्या. आंधळ्याच्याही हातून एखादा दगड लागतो. मी नवऱ्याला जेवताना म्हटलं, "तिचं तिकीट कॅन्सल करायच्या तयारीला लाग." तो पोळीचा घास मोडत म्हणाला, "बघू."

पुढच्या पाचही हरलो.

कशा हरलो ते सांगायला गेले की अजून माझं डोकं तापतं. वाऱ्याने, पावसाने, नशिबाने नाही. एकाच चुकीने हरलो, दर शनिवारी, न चुकता. क्वार्टरबॅक बॉल हातात घेऊन उभा राहायचा. उभाच राहायचा. समोरून पाच-सहा धिप्पाड गडी त्याच्या अंगावर धावून येताहेत आणि हा जणू भाजीबाजारात कोथिंबीर निवडतोय. मग शेवटच्या क्षणी घाबरून भिरकावून द्यायचा, तो बरोबर समोरच्या टीमच्या छातीवर. एकदा झालं, ठीक आहे. दोनदा झालं, चालायचंच. पाच मॅच? मी एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, लोकांच्या चुका शोधण्याचाच मला पगार मिळतो. आमच्याकडे एकच बग तीन रिलीजमध्ये सापडला तर कुणालातरी खोलीत बोलावून दार लावून घेतात. इथे तोच मुलगा दर शनिवारी पुन्हा मैदानात यायचा, आणि बाकावर बसलेला त्याच्या बदलीचा मुलगा, चपळ, हरणासारखा पळणारा, हेल्मेट मांडीवर घेऊन बघत बसायचा.

कारण कोच. खरा राग माझा त्याच्यावर. गोल चेहऱ्याचा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेला, तोंडात कायम च्युइंगम. हरल्यावर पत्रकारांसमोर बसायचा आणि तेच तेच बोलायचा. एक्झिक्युशन कमी पडलं. फिल्म बघू. प्रोसेसवर विश्वास आहे. क्वार्टरबॅक बदलणार का, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "ही गिव्ह्ज अस द बेस्ट चान्स टु विन." मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडायचे, अरे मग जिंक ना मेल्या. हे बोलणं मी ओळखते. प्रोजेक्ट बुडाल्यावर आमच्या कंपनीत जे वरचे लोक कॉन्फरन्स रूममध्ये येऊन असं बोलतात, ते स्वतः कधी बुडत नाहीत. बुडतात ते खालचे.

आणि पंट. देवा, ते पंट. चौथ्या प्रयत्नाला वीतभर अंतर उरलेलं असायचं, सगळं स्टेडियम उभं राहून म्हणायचं जा, पुढे जा, आणि हा माणूस लाथ मारणाऱ्याला आत पाठवायचा. दर वेळी. त्याला मॅच जिंकायची नव्हती, आपल्यावर खापर फुटू द्यायचं नव्हतं. धोका घेऊन फसलास तर लोक तुला विचारतात. सावधपणाने हरलास तर कुणी विचारत नाही. हे गणित त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ज्या गोष्टीशी तो खेळत होता ती त्याची नव्हती. त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बारा मॅच मिळणार होत्या. माझ्या लेकीला नव्हत्या.

तिसऱ्या पराभवाच्या दिवशी मी पहिल्यांदा बू केलं. आजूबाजूचे सगळे करत होते, ट्रॉम्बोनच्या बापाचा आवाज तर बोगद्यातून आगगाडी यावी तसा. मीही सूर लावला आणि मला ते छान जमलं. तोंडाचा चंबू करून पोटातून आवाज काढला की आठवडाभराची मळमळ निघून जाते. नवरा अवघडून बसला होता. म्हणाला, "अगं, लोक बघताहेत." लोक माझ्याबरोबर बू करत होते.

संध्याकाळी लेक जेवायला घरी आली. वरणभात कालवत म्हणाली, "आई, प्लीज बू नको करू."

"मी एकटी करते का? आणि का नको? तो बॉल समोरच्याला वाटत सुटलाय."

"आम्ही खालीच बसलेलो असतो. आम्हाला ऐकू येतं. युनिफॉर्ममध्ये आम्हाला बू अलाउड नाही, वी हॅव टु प्ले. तुम्ही बू करता आणि आम्ही फाइट साँग वाजवतो, इट्स सो वीअर्ड. अँड ही इज इन माय स्टॅट्स क्लास. ही इज अ नाइस गाय."

"असेल नाइस. त्याला बॉल वेळेवर फेकता येत नाही."

"आय नो," ती म्हणाली. "त्यालाही माहितीये."

तिला राग येत नव्हता. हे मला सर्वांत झोंबत होतं. जिचं जाणार होतं ती शांतपणे लोणचं वाढून घेत होती, सरावाला वेळेवर जात होती, हरलेल्या मॅचनंतरही गाल फुगवून विजयाचं गाणं वाजवत होती. तिच्या वाटचं रागावायचं काम मीच अंगावर घेतलं होतं. नवरा म्हणायचा, "इतकं काय मनाला लावून घेतेस, खेळ आहे." मग मी त्याच्यावरही भडकायचे. तो गप्प बसायचा. दिरांचा फोन आला की मात्र व्हरांड्यात जाऊन हलक्या आवाजात बराच वेळ बोलायचा.

शेवटची मॅच घरच्याच मैदानावर होती. नोव्हेंबरचा शेवट, दुपारची मॅच, हाडं गोठवणारा वारा. समोरची टीम आमच्याहूनही रडकी. ही जिंकली की सहा. मॅच सुरू होण्याआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांना आईवडिलांसकट मैदानात बोलावतात, बँडच्या मुलांनाही. लेक मध्ये, आम्ही दोन बाजूंना. तिने सूझाफोन अंगात घातलेलाच होता, त्यामुळे मला तिचा हात धरता येईना, मी नळीच धरून चालले. लाउडस्पीकरवर आमच्या आडनावाची पार वाट लावली. तरी नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. लेक हळूच म्हणाली, "आई, वी आर गोइंग टु विन. आय कॅन फील इट."

आणि आम्ही जिंकत होतो. खरंच जिंकत होतो. शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही चार गुणांनी पुढे होतो, बॉल आमच्याकडे होता आणि मैदानाच्या मध्यावर होता. तीन प्रयत्न झाले. चौथ्याला हातभर अंतर उरलं. हातभर म्हणजे शब्दशः एका हाताएवढं. ते अंतर तोडलं असतं तर घड्याळ संपेपर्यंत बॉल आमच्याकडेच राहिला असता आणि खेळ खलास. ट्रॉम्बोनचा बाप माझा दंड धरून उभा होता. बँडची मुलं वाद्यं खाली ठेवून उभी राहिली होती. खाली मला लेकीची टोपी आणि त्यावरचा तुरा दिसत होता.

कोचने पंटवाल्याला आत पाठवलं.

मग मी पाहिलं की क्वार्टरबॅक बाहेर जात नाहीये. तो मैदानातच उभा होता, कोचकडे दोन्ही हात पसरून. काय बोलत होता ते एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण कळायला ऐकू यायची गरजही नव्हती. हातभरच आहे, जाऊ द्या ना. कोचने मान हलवली आणि बोटाने त्याला बाहेर बोलावलं. पोरगा हलेना. कोच चार पावलं आत येऊन ओरडला. तेव्हा तो निघाला, हेल्मेट काढून जमिनीकडे बघत. ज्याला मी रोज सकाळी शिव्या घातल्या, त्याच्यासाठी त्या क्षणी माझा जीव तळमळला. मी उभी राहून ओरडले, "जाऊ दे ना रे त्याला, भेकडा." मराठीतच ओरडले. कोचच्या बाबतीत मला दुसरी भाषा आठवत नव्हती.

शेजारून नवरा म्हणाला, "बरोबर आहे कोचचं. कशाला रिस्क घ्यायची?"

मी त्याच्याकडे बघितलं. चार वर्षं असल्या वेळेला हा माणूस नखं कुरतडायचा, आज मागे रेलून बसला होता. भुईमुगाच्या शेंगांची पिशवी त्याच्या मांडीवर होती आणि तो एकेक शेंग फोडून खात होता.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. लाथ मारून लांब गेलेला बॉल समोरच्या रडक्या टीमने घेतला आणि अडीच मिनिटांत मैदान ओलांडून टचडाउन केलं, म्हणजे सात गुण. आता आम्ही तीनने मागे. शेवटच्या काही सेकंदांत बॉल पुन्हा आमच्या क्वार्टरबॅककडे आला. तो उभा राहिला. उभाच राहिला. मग फेकला, आणि तो समोरच्याच्या छातीवर गेला. दोन मिनिटांपूर्वी त्याची दया आली म्हणून काही त्याचा हात सुधारला नव्हता. ट्रॉम्बोनचा बाप खाली बसला आणि त्याने तोंड हातांत झाकलं. मला बू करावंसंही वाटलं नाही.

आमच्याकडे रीत आहे. मॅच संपली की, जिंकलेली असो वा हरलेली, खेळाडू बँडसमोर येऊन उभे राहतात आणि युनिव्हर्सिटीचं गीत होतं. त्या दिवशी कोच टोपी आणखी खाली ओढून सरळ खेळाडूंच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोगद्यात गेला आणि बहुतेक टीम त्याच्यामागून गेली. पाच-सहा मुलं आली, त्यांत क्वार्टरबॅक होता. तो गात नव्हता, नुसता उभा होता. बँडने गीत सुरू केलं. स्टेडियम रिकामं होत होतं, लोक पाठ फिरवून पायऱ्या चढत होते आणि ती मुलं वाजवत होती. लेकीचा सूझाफोन स्पष्ट ऐकू येत होता, खालचा, जाड, न थरथरणारा. तिचे खांदे हलत होते, पण सूर हलत नव्हता.

तेवढ्यात माझा फोन खिशात थरथरला. सासरच्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप. नवऱ्याचा मेसेज होता, माझ्या शेजारी बसून नुकताच पाठवलेला. "हरले. आमची करवली येते आहे. लागा तयारीला." आणि त्यापुढे लाल झग्यातली नाचणारी बाई, एक नाही, चार.

मी म्हटलं, "डिलीट कर. आत्ताच्या आत्ता."

"का? काय झालं?"

"ती आहे ग्रुपमध्ये."

"ती कुठे बघते ग्रुप. कधी काही लिहिते का त्यात?" असं म्हणत त्याने फोन काढला खरा, पण उशीर झाला होता. नाशिकला मध्यरात्र उलटून गेली होती, तरी नवरी जागीच होती. तिने बदाम पाठवले. पाठोपाठ दुबईच्या नणंदेने टाळ्या पाठवल्या. आता डिलीट केलं असतं तरी खालच्या टाळ्या कशाच्या, हे न कळण्याइतकं आमचं कुणी बाळबोध नव्हतं. खाली गीत संपलं. सूझाफोन जमिनीवर ठेवून लेकीने पहिल्यांदा डोळे पुसले, मैत्रिणीला मिठी मारली आणि मग खिशातून फोन काढला. मी वरून बघत होते. तिने वाचलं. मान वर करून आमच्याकडे बघेल असं वाटलं. तिने बघितलं नाही.

गाडीपाशी ती आली तेव्हा युनिफॉर्मची वरची बटणं उघडी होती आणि चेहरा धुतल्यासारखा कोरा होता. टोपीचा डबा घ्यायला नवऱ्याने हात पुढे केला. तिने दिला नाही. मागे बसली, डबा मांडीवर घेतला. पार्किंगमधून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. नवऱ्याने गाडी सुरू केली आणि कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला.

"वाईट झालं गं. फार वाईट. पण आता तिकीट तरी वाया जाणार नाही."

रांग थोडी पुढे सरकली.

"ताईला किती आनंद झालाय बघ तू येणार म्हणून."

"आय नो. मी वाचलं," ती म्हणाली. "आणि मी जाणारच होते ना बाबा, हरलो असतो तर. मी तिला प्रॉमिस केलं होतं."

"तेच तर म्हणतोय मी."

"तू तिकीट कधी काढलंस?"

"अगं, ते ऑगस्टमध्येच. नंतर सीट मिळत नाहीत म्हणून."

"ऑगस्टमध्ये आम्ही एकही मॅच हरलो नव्हतो," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. मराठी अगदी स्वच्छ होतं, एरवी तिच्या तोंडी नसतं तितकं. नवऱ्याने आरशात तिच्याकडे बघितलं, मग समोरच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे.

दीड-दोन महिने मी ज्याच्या नावाने घसा फोडला तो माणूस केव्हाच बोगद्यातून घरी निघून गेला होता. हा माझ्या शेजारी बसला होता, सीटबेल्ट लावून, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. इतका राग मला त्या कोचचाही आला नव्हता. रांग थांबलेली होती. मी बेल्ट सोडला आणि दार उघडलं.

"अगं, कुठे चाललीस?" तो म्हणाला.

मी उतरले, मागचं दार उघडलं आणि लेकीच्या शेजारी जाऊन बसले. तिने डबा जरा बाजूला सरकवून मला जागा करून दिली. पुढची सीट तशीच मोकळी होती.

"चल आता," मी म्हटलं. त्याने गाडी काढली.